पोरांचा उस्ताद



फुटबॉल म्हटले की आपल्या मुलांच्या तोंडी खेळाडूंची नावे येतात. पाठीवर सात नंबर, दहा नंबर छापलेल्या जर्सी घालून पोरे गल्लीबोळांतून फिरतात. पण त्या सात नंबरवाल्याला चौदाव्या-पंधराव्या वर्षी चेंडू कसा थांबवायचा, पास कधी द्यायचा आणि कधी द्यायचा नाही हे कुणी शिकवले, असे विचारले तर कुणालाच उत्तर देता येत नाही. शिक्षकाच्या नशिबी हे असतेच. डॉक्टर झालेल्या मुलाचे नाव गावभर होते, त्याला पहिली बाराखडी शिकवणाऱ्या बाईंचे नाव त्याच्या आईलाही आठवत नाही.

म्हणून या महिन्यात आम्ही एका अशाच शिक्षकाची कारकीर्द तुमच्यापुढे मांडत आहोत. त्यांचे नाव एरिक हॅरिसन. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या क्लबात १९८१ ते १९९८ अशी सतरा वर्षे त्यांनी पोरांना फुटबॉल शिकवला. डेव्हिड बेकहॅम, रायन गिग्स, पॉल स्कोल्स, निकी बट, गॅरी नेव्हिल आणि त्याचा धाकटा भाऊ फिल, हे सगळे त्यांच्या हाताखालून गेले.

आम्ही पेशाने शाळाशिक्षक. फुटबॉलचे जाणकार म्हणवून घ्यायची आमची तयारी नाही. पण ही कारकीर्द वाचताना आमच्या मनात जे प्रश्न आले ते मैदानाइतकेच वर्गाचे आणि घराचेही आहेत. चांगले शिकवण्यासाठी माणूस स्वतः फार मोठा असावा लागतो का? कडकपणाने मुले घडतात का? आणि जी मुले निवडली जात नाहीत, त्यांचे पुढे काय होते?

खालच्या डिव्हिजनचा खेळाडू

हॅरिसन यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९३८ रोजी यॉर्कशायर भागातील मायथमरॉइड या छोट्या गावात झाला. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द हॅलिफॅक्स टाउन, हार्टलपूल्स, बॅरो, साउथपोर्ट अशा क्लबांत गेली. ही नावे आपल्यापैकी कुणी ऐकली नसतील, त्यात नवल नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये तेव्हा चार डिव्हिजन होत्या आणि हे क्लब खालच्या डिव्हिजनमधले. सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये हॅरिसन कधीच खेळले नाहीत. शेकडो सामने खेळले, पण चिखलाच्या मैदानांवर आणि थोड्याच प्रेक्षकांपुढे.

खेळणे संपल्यावर ते शिकवण्याकडे वळले. एव्हर्टन क्लबात त्यांनी तरुण मुलांना शिकवले. १९८१ मध्ये रॉन अ‍ॅटकिन्सन मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक झाले आणि त्यांनी हॅरिसन यांना मुलांच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून आणले.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की ज्याला स्वतःला येते तोच शिकवू शकतो, आणि ज्याला जास्त येते तो जास्त चांगले शिकवतो. पहिला भाग खरा आहे, दुसरा खरा नाही. ज्याला गणित उपजतच येते त्याला समोरच्या मुलाचे हाताचे घेताना नेमके कुठे अडते ते दिसत नाही. त्याला ते कधी अडलेलेच नसते. उलट ज्याने एकेक गोष्ट घासून घासून मिळवली आहे, त्याला ती पायरी-पायरीने सांगता येते. खालच्या डिव्हिजनमध्ये पंधरा वर्षे टिकायचे तर साध्या गोष्टी रोज बिनचूक कराव्या लागतात. हॅरिसन यांनी पुढे मुलांकडून तेच मागितले.

आठवड्याला साडेएकोणतीस पौंड

त्या काळच्या इंग्लंडमधली रीत आपल्या वाचकांना थोडी सांगायला हवी. चौदा वर्षांच्या मुलाला क्लब शाळकरी खेळाडू म्हणून करारबद्ध करत असे. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत तो सरावाला यायचा. सोळाव्या वर्षी शाळा संपली की त्यातल्या काही निवडक मुलांना दोन वर्षांसाठी शिकाऊ म्हणून ठेवून घेत. हे आपल्या गॅरेजमध्ये किंवा शिंप्याच्या दुकानात मुलगा काम शिकायला ठेवतात, त्यातलेच. दोन वर्षांनी क्लब ठरवणार की मुलाला पगारी खेळाडू करायचे की घरी पाठवायचे.

१९९१ च्या सुमारास या शिकाऊ मुलांना आठवड्याला साडेएकोणतीस पौंड मिळत. तेवढ्यात हातखर्च भागायचा. बेकहॅमसारखी जी मुले दूरच्या गावांहून आलेली होती, त्यांची राहण्याची सोय क्लब मँचेस्टरमधल्या एखाद्या कुटुंबात करून देई. बेकहॅम लंडनच्या पूर्व भागातला, म्हणजे घरापासून तीनेकशे किलोमीटरवर. सोळाव्या वर्षी परक्या घरी राहायचे, त्यांच्याकडे जेवायचे आणि सकाळी सरावाला हजर व्हायचे.

सराव हा कामाचा एकच भाग होता. थोरल्या खेळाडूंचे बूट घासून चकचकीत करायचे, ड्रेसिंग रूम झाडायच्या, न्हाणीघरे धुवायची, ही सगळी कामे या मुलांकडे असत. आज जगभर ज्यांची चित्रे भिंतींवर लागतात त्यांनी हातात फडके आणि खराटा धरला होता. १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये नव्या नियमांच्या अकादम्या सुरू झाल्या आणि हळूहळू ही पद्धत मागे पडली.

सरावाची जागा होती सॅल्फर्डमधले 'द क्लिफ' हे मैदान. हॅरिसन यांची खोली वरच्या मजल्यावर, तिच्या खिडकीतून मैदान दिसायचे. खाली कुणी आळस केला, कुणी उगाच चमकायला गेला की वरून काचेवर मूठ आपटल्याचा आवाज यायचा. तो आवाज ऐकला की पोटात गोळा यायचा, असे त्यांचे विद्यार्थी मोठेपणीही सांगत. काचेवरचा आवाज म्हणजे इशारा. साहेब जिना उतरून खाली आले तर मग खैर नाही.

बेकहॅमला लांबच लांब पास मारायची हौस होती. अर्धे मैदान ओलांडून चेंडू नेमका साथीदाराच्या पायात टाकायचा. दिसायला ते फार सुंदर दिसे. हॅरिसन त्याला 'हॉलिवूड पास' म्हणत आणि त्यावरून त्याला झापत. म्हणजे हा सिनेमातला पास आहे, सामन्यातला नाही. जवळ साथीदार मोकळा उभा आहे, त्याला दहा फुटांवर साधा पास दे. गंमत अशी की हाच लांबचा पास पुढे बेकहॅमची ओळख ठरला. मग हॅरिसन चुकले का? आम्हाला तसे वाटत नाही. अक्षर घोटून न घेता मुलाच्या हाती सुलेखनाचा बोरू दिला तर कागद खराब होतो. आधी साधे, मग सुंदर. साधे पक्के असेल तर सुंदर कधी करायचे हे मुलाला स्वतःलाच कळते.

क्लबाचे 'ए' आणि 'बी' संघ लँकेशायर लीगमध्ये खेळत. तिथे कधी कधी समोर मोठ्या माणसांचे संघ असत. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना दाढीवाल्या, दणकट गड्यांचे धक्के खावे लागत. शाळकरी सामन्यांत सहज दहा गोल मारणाऱ्या मुलाला आपण अजून कुठे आहोत हे तिथे समजायचे.

अकरा वर्षांची वाट

हॅरिसन यांचे नाव १९९२ च्या मुलांशी जोडले जाते. पण ते आले १९८१ मध्ये. मधली अकरा वर्षे कुणी फारशी मोजत नाही, आणि आमच्या मते शिक्षकाने तीच जास्त पाहावीत.

इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी एफए यूथ कप ही मानाची स्पर्धा आहे. हॅरिसन यांच्या मुलांनी पहिल्याच वर्षी, १९८२ मध्ये, अंतिम फेरी गाठली आणि वॉटफर्डकडून दोन सामन्यांत मिळून ७-६ अशी हार खाल्ली. १९८६ मध्ये पुन्हा अंतिम फेरी, आणि या वेळी हरले ते गावातल्याच मँचेस्टर सिटीकडून. कप नाही मिळाला. पण याच काळात मार्क ह्यूज आणि नॉर्मन व्हाइटसाइड हे दोन खेळाडू वर गेले. उत्तर आयर्लंडचा व्हाइटसाइड १९८२ च्या विश्वचषकात उतरला तेव्हा त्याचे वय होते १७ वर्षे ४१ दिवस. पेलेचा विक्रम त्याने मोडला. विश्वचषकात खेळलेला सर्वांत लहान वयाचा खेळाडू म्हणून त्याचे नाव नोंदले गेले.

नोव्हेंबर १९८६ मध्ये अ‍ॅटकिन्सन गेले आणि अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आले. नवा साहेब आला की जुनी माणसे बदलायची ही रीत सगळीकडचीच. फर्ग्युसन यांनी हॅरिसन यांना ठेवून घेतले, पण तक्रारही केली की मुलांच्या संघातून पुरेसे खेळाडू वर येत नाहीत. हॅरिसन यांचे म्हणणे होते की आणखी चांगली मुले हातात येऊ द्या, म्हणजे आणखी चांगले खेळाडू देता येतील. मुले शोधणारी माणसेच कमी आहेत. फर्ग्युसन यांनी ते मनावर घेतले. मँचेस्टर आणि आसपासच्या भागात मुले हेरणारी माणसे वाढवली. रायन गिग्स तेव्हा मँचेस्टर सिटीच्या मुलांत सराव करत असे. फर्ग्युसन त्याच्या चौदाव्या वाढदिवशी स्वतः त्याच्या घरी जाऊन पोहोचले.

आमच्या पेशातील मंडळींनी हा संवाद ध्यानात ठेवावा. निकाल कमी लागला की शिक्षकाला बोल लावणे सोपे असते, आणि शिक्षकाने गप्प बसून ऐकणेही सोपे असते. इथे एकाने अडचण नेमकी सांगितली, दुसऱ्याने ती ऐकून घेतली आणि खर्च केला. काम एकट्या हॅरिसन यांचे नव्हतेच. ब्रायन किड यांनी स्थानिक मुले शोधण्याचे काम सांभाळले. १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातले नॉबी स्टाइल्स काही वर्षे या मुलांना शिकवत होते. बरी गावातल्या नेव्हिल बंधूंचे आणि लंडनच्या बेकहॅमचे आईवडीलही वर्षानुवर्षे थंडी-पावसात मैदानाच्या कडेला उभे राहिलेले होते.

१९९२ मध्ये हॅरिसन यांच्या संघाने क्रिस्टल पॅलेसला दोन सामन्यांत मिळून ६-३ असे हरवून यूथ कप जिंकला. क्लबाला तो २८ वर्षांनी मिळत होता. याआधी १९६४ मध्ये जॉर्ज बेस्टच्या वेळी मिळाला होता. दुसऱ्या वर्षी, १९९३ मध्ये, पुन्हा अंतिम फेरी आणि लीड्सकडून हार. हरलेल्या त्या संघात पॉल स्कोल्स आणि फिल नेव्हिल होते. त्यांना हरवणाऱ्या लीड्सच्या मुलांची नावे आज फारशी कुणाला आठवत नाहीत. सतराव्या वर्षीचा निकाल आयुष्याचा निकाल नसतो, हे यावरून दिसते.

१९९५ च्या उन्हाळ्यात फर्ग्युसन यांनी तीन नावाजलेले खेळाडू सोडून दिले आणि त्यांच्या जागी ही पोरे उभी केली. १९ ऑगस्टला पहिलाच सामना अ‍ॅस्टन व्हिलाशी. युनायटेड ३-१ ने हरले. त्या रात्री टीव्हीवर माजी खेळाडू अ‍ॅलन हॅन्सन म्हणाले की पोरांच्या जोरावर काही जिंकता येत नाही. त्याच मोसमात या पोरांनी लीगही जिंकली आणि एफए कपही. पुढे २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत झाली. युनायटेडने बायर्न म्युनिकला २-१ ने हरवले आणि एकाच मोसमात तीन मोठे चषक मिळवले. त्या दिवशी सुरुवातीच्या अकरांत हॅरिसन यांच्या हातचे चार जण होते: गॅरी नेव्हिल, बेकहॅम, बट आणि गिग्स. हॅरिसन त्याच्या आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते.

गोश्त आपका, हड्डी हमारी

आता कडकपणाची गोष्ट. आमच्या लहानपणी अब्बा मुलाला उस्तादच्या हवाली करताना म्हणत, "गोश्त आपका, हड्डी हमारी." म्हणजे मारा, झोडा, पण शिकवा. आजही शाळेत एखादे बुजुर्ग येऊन सांगतात की हल्लीचे शिक्षक मारत नाहीत म्हणून पोरे बिघडली. अशा लोकांच्या हाती हॅरिसन यांची गोष्ट पडली तर त्यांना आनंद होईल. बघा, काचेवर मुठी आपटल्या, शिव्या घातल्या आणि बेकहॅम घडवला!

आम्हाला ही मांडणी पटत नाही. त्याचे पहिले कारण म्हणजे या आठवणी सांगणारे सगळे यशस्वी झालेले लोक आहेत. ज्याला यश मिळाले त्याला जुना मार गोड लागतो. ओरडण्याने जो आतून मिटला आणि खेळ सोडून गेला, त्याला कुणी कॅमेऱ्यासमोर बसवत नाही. फक्त पहिल्या आलेल्या मुलांना विचारून शाळेची छडी चांगली की वाईट हे ठरवता येणार नाही.

त्या काळच्या सगळ्याच गोष्टी गोड नव्हत्या, हेही लक्षात ठेवावे. शिकाऊ मुलांत थोरली पोरे नव्या पोरांना जमावात उभे करून त्यांची फजिती करत. आपल्याकडे ज्याला रॅगिंग म्हणतात तेच. त्या तुकडीतल्या काहींनी पुढे हे जाहीरपणे सांगितले आहे आणि त्याची आठवण सुखाची नाही असेही म्हटले आहे. ते सगळे सोसूनही मुले घडली, सोसल्यामुळे नव्हे.

मग हॅरिसन यांच्या कडकपणातले घेण्यासारखे काय? त्यांचा राग चुकीला धरून असायचा. 'तू नालायक आहेस' आणि 'हा पास चुकीचा होता, जवळचा माणूस मोकळा होता' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने मूल घाबरते, दुसऱ्याने त्याला दुसऱ्या दिवशी काय करायचे ते कळते. शिवाय हा माणूस रोज हजर असायचा, सतरा वर्षे. मुलगा नजरेआड झाला असे कधी होत नसे. वर्गात पाय न ठेवता फक्त निकालाच्या दिवशी ओरडणाऱ्या शिक्षकाला, आणि वर्षभर अभ्यासाची वही न उघडता प्रगतिपुस्तक पाहून हात उचलणाऱ्या बापालाही, रागावण्याचा हक्क मिळत नाही. आपल्या देशात तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना मनाई केली आहे. मैदानावर शिकवणाऱ्याने तो नियम आपल्यालाही लागू आहे असे समजूनच शिटी गळ्यात घालावी.

फाटकावर ज्यांचा फोटो लागत नाही

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. त्यावर पाच-सहा हसरे चेहरे, खाली टक्के. वर्गात साठ मुले असतात, हे फ्लेक्सवर दिसत नाही. हॅरिसन यांच्या '९२ च्या तुकडीचेही तसेच झाले आहे. सहा चेहरे जगाला पाठ आहेत. बाकीच्यांकडे थोडे पाहू.

जॉर्ज स्विट्झर १९९२ चा अंतिम सामना खेळला. कप हातात घेतला. युनायटेडच्या मोठ्या संघातून तो एकदाही खेळला नाही. बेन थॉर्नली हा त्या तुकडीतल्या सर्वांत हुशार मुलांपैकी एक मानला जायचा. एप्रिल १९९४ मध्ये राखीव संघाच्या सामन्यात गुडघा गेला. तो परत उभा राहिला, पण ज्या उंचीवर जाईल असे वाटले होते तिथे पोहोचला नाही. ख्रिस कॅस्परचा पाय १९९९ मध्ये मोडला आणि चोविसाव्या वर्षी त्याचे खेळणे थांबले. पुढे तो बरी क्लबाचा व्यवस्थापक झाला. रॉबी सॅव्हेजला क्लबाने १९९४ मध्ये सोडून दिले. तो क्रू या लहान क्लबात गेला, तिथून वर चढत वेल्सकडून आणि प्रीमियर लीगमध्ये वर्षानुवर्षे खेळला.

आणि एक नाव एड्रियन डोहर्टी. उत्तर आयर्लंडच्या स्ट्रबेन गावचा मुलगा. गिग्सच्या बरोबरीने ज्याचे नाव घेतले जायचे असा विंगर. गिटार वाजवायचा, गाणी लिहायचा. १९९१ मध्ये, अठरा पूर्ण व्हायच्या आधीच, गुडघ्याला दुखापत झाली. १९९३ मध्ये क्लबाशी संबंध संपला. २००० मध्ये हॉलंडमध्ये तो कालव्यात पडला आणि काही आठवड्यांनी, सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याचा मृत्यू झाला. त्या काळी तरुण खेळाडू जायबंदी झाला की त्याच्या मनाचे काय होते हे पाहायची सवय कुठल्याच क्लबाला नव्हती.

ही नावे आम्ही मुद्दाम लिहिली. मुलाला अकादमीत घालताना आईवडिलांच्या डोळ्यांसमोर बेकहॅम असतो. पण चांगल्यातल्या चांगल्या अकादमीतही बहुतेक मुलांच्या वाट्याला स्विट्झरची किंवा सॅव्हेजची वाट येते. यातून मुलाला रोखा असे आम्ही सुचवत नाही. वाट दुसरीकडे वळली तर पायाखाली जमीन असावी, एवढेच सांगायचे आहे.

नॉर्मन व्हाइटसाइडकडे पाहा. सतराव्या वर्षी विश्वचषक, विसाव्या वर्षी एफए कपच्या अंतिम सामन्यात विजयी गोल, आणि सव्विसाव्या वर्षी गुडघ्याने दगा दिल्यामुळे निवृत्ती. तो पुन्हा शिकायला बसला आणि पायांच्या विकारांवर उपचार करणारा तज्ज्ञ झाला. सव्विसाव्या वर्षी पुस्तक उघडणे त्याला जमले, कारण त्याने तशी हिंमत धरली. आपल्या मुलांना ती हिंमत धरायची वेळ आली तर दहावी-बारावी तरी नीट झालेली असावी.

आपल्या अंगणात

फुटबॉलचे उस्ताद फक्त इंग्लंडात झाले असे नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर होते. त्यांच्या तालमीत भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा आपल्या मुंबईचा. रहीम साहेबांच्या हैदराबाद सिटी पोलिस संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप नेला. मुलांचा कमजोर पाय सुधारावा म्हणून ते त्याच पायाने खेळायचे सामने भरवत. १९६३ मध्ये कर्करोगाने ते गेले. २०२४ मध्ये 'मैदान' चित्रपट आला तेव्हा कुठे नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

आज या वाटेने कुणाला जायचे असेल तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षक परवाने आहेत. डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो, अशा पायऱ्या चढत जायचे. खेळात मोठे नाव नसलेला, पण मुलांत रमणारा तरुण यात नक्की बसतो. मुलींनाही हा रस्ता मोकळा आहे, आणि आपल्या मुलींना शिकवायला बाई प्रशिक्षक मिळाल्या तर किती घरांची अडचण दूर होईल हे आम्ही सांगायला नको. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी शिक्षणाच्या पदवीबरोबर हा परवानाही जोडावा. फक्त एक ध्यानात ठेवावे की पहिली वर्षे कमाई थोडी असते.

ज्यांची मुले अकादमीत जाणार आहेत त्यांच्यासाठी आमच्या मनात चार प्रश्न आहेत. पैसे भरण्याआधी ते विचारावेत. शिकवणाऱ्याकडे कोणता परवाना आहे? मागच्या तीन वर्षांत किती मुले आली, किती सोडून गेली आणि का? मुलाला दुखापत झाली तर खर्च कोण करणार आणि त्याची चौकशी कोण करणार? परीक्षेच्या काळात सरावाचे काय? चौथ्या प्रश्नाला जो हसून टाळतो, त्याच्याकडे मूल ठेवू नये.

हॅरिसन यांच्याविषयी शेवटचे थोडे राहिले. १९९९ मध्ये मार्क ह्यूज वेल्सच्या राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक झाला आणि त्याने आपल्या जुन्या उस्तादांना मदतीला बोलावले. विद्यार्थी साहेब आणि शिक्षक त्याच्या हाताखाली, आणि यात दोघांनाही कमीपणा वाटला नाही. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हॅरिसन यांना स्मृतिभ्रंशाने गाठले. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सरकारने त्यांना 'एमबीई' हा किताब दिला. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते वारले. तोवर त्यांची मुले स्वतः चाळिशी ओलांडून गेली होती. कुणी क्लब चालवत होते, कुणी दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत होते.

तुमच्या ओळखीत कुणी असा प्रशिक्षक असेल, जो संध्याकाळी नगरपालिकेच्या मैदानावर वीस-पंचवीस पोरे गोळा करून शिकवतो, तर त्याच्याविषयी आम्हाला लिहून कळवा. त्याने कुणाला मोठे केले हे नाही सांगितले तरी चालेल. तो किती वर्षे येतो आहे आणि पाऊस पडला तर काय करतो, एवढे लिहा.

बाकी पुढच्या महिन्यात. खुदा हाफिज.